तलंगा अंड्यावर येताना

कणकवली,
५ डिसेंबर

चि. सुनंदास,


नव्या कोंबड्या परसात आल्या की घरात पहिली विचारणा अंड्यांची होते, आणि तिचे उत्तर बहुतेक वेळा कोंबडीच्या वयातच असते. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून मिळणारा तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण पाखरांचा, गट २५ माद्या आणि ३ नर असा असतो. वाटपाच्या वेळी त्यांचे वय ८ ते १० आठवडे असते. या वयाची तलंग अंगाने भरलेली दिसते, दिवसभर उकिरडा उकरते, संध्याकाळी आपणहून खुराड्यात शिरते. पण तिचा अंडाशय अजून जागा झालेला नसतो. वनराजा किंवा गिरिराजा या परसासाठी काढलेल्या जातींची मादी पहिले अंडे साधारण २४ ते २६ आठवड्यांची झाल्यावर देते. म्हणजे गट दारात आल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत १४ ते १८ आठवडे जाणारच. ग्रामप्रिया जात थोडी लवकर अंड्यावर येते, कडकनाथ साधारण सहा महिन्यांनी, आणि गावरान तलंग कधी सातव्या-आठव्या महिन्यातही. या काळात ‘कोंबड्या अंडी देत नाहीत’ म्हणून औषधांच्या दुकानातून अंडी वाढवण्याचे टॉनिक आणणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. ज्या शरीरात बलकच तयार होत नाही, तिथे टॉनिक काही करू शकत नाही.

बाजारातून आणलेल्या कोंबड्यांची गोष्ट वेगळी. मोठ्या अंडी-फार्मवरचा कळप साधारण ७२ ते ८० आठवड्यांचा झाला की काढून टाकतात, आणि त्यातल्या बऱ्याच कोंबड्या आठवडी बाजारात स्वस्तात विकल्या जातात. त्या ओळखता येतात. चोचीचे टोक कापलेले असते. पायांची पिवळी झाक उतरून ते पांढुरके झालेले असतात, कारण खाद्यातला पिवळा रंग महिनोन्महिने बलकात गेलेला असतो. तरुण तलंगेच्या पायावरचे खवले गुळगुळीत आणि तकतकीत असतात, आणि छातीच्या हाडाचे मागचे टोक बोटाने दाबले तर किंचित वाकते. म्हाताऱ्या कोंबडीचे ते टणक झालेले असते. फार्मवरून काढलेली कोंबडी निकामी नसते. पिसे झडून नवी आली की ती पुन्हा अंडी देते, पण पहिल्या वर्षापेक्षा कमी. त्यांचा आकार मोठा असतो आणि कवच पातळ.

किती अंड्यांची अपेक्षा धरावी हेही आधीच ठरवलेले बरे. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते आणि तीही सलग नाही. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, मग काही आठवडे खंड पडतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली वनराजा परसातल्या राहणीत वर्षाला शंभराच्या थोडी वर जाते, ग्रामप्रिया दीडशेच्याही पुढे. पिंजऱ्यातली संकरित पांढरी कोंबडी ३०० चा आकडा ओलांडते, पण तिला वाऱ्यापावसात हिंडायचे नसते, मुंगसापासून पळायचे नसते आणि पिल्ले सांभाळायची नसतात. २५ वनराजा माद्या सगळ्या अंड्यावर आल्या तरी वर्षाची सरासरी दिवसाला सातएक अंडी पडते. एवढ्या अंड्यांत घर भागते आणि शेजारी विकायलाही उरतात. यापेक्षा मोठा हिशेब मांडणाऱ्याला परसातली कोंबडी नेहमीच आळशी वाटत राहील, आणि तो दोष कोंबडीचा नव्हे.

अंडे कसे बनते हे एकदा नीट कळले की पुढची निम्मी धावपळ वाचते. कोंबडीच्या शरीरात डाव्या बाजूचाच अंडाशय आणि डावीच अंडनलिका कामाची असते. अंडाशयात लहानमोठे बलक द्राक्षांच्या घडासारखे लगडलेले असतात. त्यांतले बहुतेक अगदी बारीक असतात. काही मोजके मात्र शेवटच्या सात ते दहा दिवसांत भराभर फुगतात. त्यासाठी लागणारी चरबी आणि प्रथिने यकृतातून येतात. पूर्ण वाढलेला बलक सुटून नलिकेत पडतो. तिथे सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, पुढे तासाभराहून थोड्या अधिक वेळात दोन पातळ पापुद्रे चढतात आणि उरलेले जवळजवळ वीस तास कवच बनण्यात जातात. सगळे मिळून २४ ते २६ तास होतात. अंडे बाहेर पडल्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास पुढचा बलक सुटतो. त्यामुळे आज सकाळी आठला अंडे देणारी कोंबडी उद्या नऊच्या सुमारास देते, परवा त्याहून उशिरा, आणि वेळ दुपारकडे सरकली की एक दिवस सुटतो. रोज न चुकता एक अंडे हा निसर्गाचा हिशेबच नाही.

या फुगत्या बलकांवरच घर बदलण्याचा परिणाम होतो. अंड्यावर असलेली कोंबडी टोपलीत कोंबून, टेम्पोत हलवून, अनोळखी अंगणात सोडली की तिच्या शरीराला धोक्याची सूचना मिळते. ताणाची संप्रेरके वाढतात, खाणे तुटते आणि अर्धे वाढलेले बलक शरीरातच जिरून जातात. पुन्हा सुरुवात बारीक बलकांपासून करावी लागते. त्यांना वाढायला आठ-दहा दिवस हवेत, आणि ते दिवसही कोंबडी पोटभर खाऊ लागल्यावरच मोजायचे. म्हणून नव्याने आणलेली चांगली कोंबडीसुद्धा दोन ते चार आठवडे अंडे देत नाही. विकणाऱ्याने सांगितले होते की ही अंड्यावर आहे, आणि घरी आल्यावर अंडी थांबली, तर त्याने फसवले असे लगेच समजू नये. त्याच्या घरी ती बहुधा खरोखरच अंडी देत होती.

आल्या दिवशी कोंबड्यांना फक्त पाणी, सावली आणि शांतता द्यावी. पाण्यात थोडा गूळ किंवा जलसंजीवनीची पूड घातली तर प्रवासाचा शीण लवकर उतरतो. दाणे तास-दोन तासांनी टाकावेत. पहिले पाच-सात दिवस त्यांना खुराड्यात किंवा जाळीच्या आवारातच ठेवावे. हे खुराडे आपले, इथे रात्री परतायचे, हे तेवढ्या दिवसांत कोंबडीच्या ध्यानात बसते. पहिल्याच सकाळी मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या आंब्यावर जाऊन बसतात, आणि तिथून त्यांना उतरवण्याच्या धावपळीत त्या पुन्हा घाबरतात. या दिवसांत पोरांनी त्यांच्या मागे धावू नये आणि कुत्र्याला जाळीजवळ येऊ देऊ नये. दाणा-पाणी शक्यतो एकाच माणसाने, ठरावीक वेळी आणि ठरावीक हाक देऊन घालावे.

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या थेट त्यांच्यात मिसळू नयेत. किमान तीन आठवडे त्यांचा मुक्काम वेगळा, भांडी वेगळी, आणि काम आधी जुन्यांचे, मग नव्यांचे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, वरवर निरोगी दिसणाऱ्या पाखराबरोबरही घरात येतो, आणि लस न दिलेला कळप दोन-चार दिवसांत आडवा करतो. बर्ड फ्लूचा भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला नोंदला गेला, आणि त्या भागातल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांसाठी एवढी काळजी जास्त वाटेल; पण रोग मोठा फार्म आणि लहान खुराडे यांत भेद करत नाही. वेगळ्या मुक्कामातच जंताचे औषध द्यावे आणि पंखांखाली, गुदद्वाराभोवती उवा आहेत का ते पाहावे. बारीक लाल किडे मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. अशा कोंबडीचा तुरा फिका पडतो आणि अंडी आटतात, पण अंगावर दिवसा काहीच सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन बसण्याच्या दांड्याची खालची बाजू पाहिली तर कारण दिसते.

वेगळे राहण्याची मुदत संपल्यावर नव्या आणि जुन्या कोंबड्यांमध्ये आठवडाभर नुसती जाळी ठेवावी. एकमेकींना पाहत, एकमेकींचा आवाज ऐकत त्या खातात. कोंबड्यांमध्ये मानाची पक्की उतरंड असते. कोण कोणाला चोच मारणार आणि कोण निमूट बाजूला होणार हे ठरलेले असते. नॉर्वेचा अभ्यासक थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे याने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्रीय पद्धतीने नोंदवली. नवी कोंबडी आली की ती मोडते आणि पुन्हा बसेपर्यंत मारामारी चालते. एकटी कोंबडी कळपात सोडली तर सगळ्यांच्या चोची तिच्यावरच येतात. म्हणून दोन-तीन मिळून सोडाव्यात, आणि अंधार पडल्यावर दांड्यावर नेऊन बसवाव्यात. दाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब ठेवावीत. उतरंडीत सर्वांत खाली असलेली कोंबडी बहुधा उपाशी राहते आणि अंड्यावरही सर्वांत शेवटी येते. रक्त दिसले तर मात्र जखमी पाखरू लगेच बाजूला काढावे, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या त्याच जागी टोचत राहतात.

आता खाद्य. परसातली कोंबडी किडे, गवत आणि सांडलेले धान्य यांवर जगते खरी, पण अंडी देण्यासाठी तेवढे नेहमी पुरत नाही. उरलेला भात, तांदळाची कणी, भाकरीचे तुकडे यांत ऊर्जा भरपूर असते. प्रथिने मात्र थोडी, आणि त्यातही लायसिन आणि मेथिओनिन ही अंड्याला लागणारी अमिनो आम्ले फारच कमी. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने हवीत. नुसत्या भातावर ठेवलेली कोंबडी लठ्ठ होते, तुकतुकीत दिसते आणि अंडी देत नाही. कोकणात हा प्रकार घरोघर दिसतो. त्यावर सोपा तोडगा म्हणजे निम्मे बाजारचे लेअर खाद्य आणि निम्मे घरचे. घरच्यात कणी, मका किंवा नाचणी, शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड आणि थोडी सुकट घालावी. खारवलेली सुकी मासळी नको. तिच्यातले मीठ कोंबडीला बाधते. सुकट फार झाली तर अंड्याला मासळीचा वास येतो. अझोला आणि शेवग्याचा पाला चांगला, पण तो जोडीला. दाण्याच्या जागी नव्हे. बुरशी आलेली पेंड किंवा काळवंडलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी घालू नये. बुरशीचे विष यकृतावर जाते, आणि बलकाचा सगळा माल यकृतातूनच येतो.

वनराजासारख्या जड जातीची आणखी एक अडचण आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. ही जात मांस आणि अंडी दोन्हींसाठी काढलेली आहे. वाढीच्या वयात तिला हवे तेवढे दाणे मिळाले तर ती भराभर वजन धरते, पोटात चरबी साठते आणि अंडी कमी होतात. सहा महिन्यांच्या मादीचे वजन सव्वादोन ते अडीच किलोच्या आत राहिले तर अंड्यांना बरे. म्हणून या तलंगांना दिवसभर मोकळे चरू द्यावे आणि दाणा हात राखून, मुख्यतः संध्याकाळी परतल्यावर घालावा. महिन्यातून एकदा दोन-चार तलंगा पिशवीत घालून काट्यावर धरल्या की अंदाज येतो. लाडाने ओंजळी भरून दाणे टाकणाऱ्या घरातच अंडी कमी मिळतात, हे घरातल्या आजीलाही समजावून सांगावे लागते.

कवचाचे काम कॅल्शियमवर चालते. एका कवचात दोन ग्रॅमहून थोडे जास्त कॅल्शियम लागते. पहिल्या अंड्याच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून कोंबडी आपल्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा करू लागते. म्हणून लेअर खाद्य, ज्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, ते तुरा लाल होऊ लागल्यावर सुरू करावे. त्याआधी वाढीचे खाद्यच योग्य. लहान वयात जादा कॅल्शियम दिले तर मूत्रपिंडे बिघडतात. शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असेल ती आपणहून खाते, कोंबड्याला सक्ती होत नाही. चुरा भरडच असावा. कवचाचा मोठा भाग रात्री बनतो, त्या वेळी कोंबडी काही खात नाही, आणि पोटात साठलेले शिंपल्याचे तुकडे रात्रभर हळूहळू विरघळून तिला पुरतात. समुद्रकाठच्या गावांत शिंपले विकत घ्यायचे कारण नाही; धुऊन, वाळवून, मुसळाने भरडले की झाले. घरातली अंड्यांची टरफलेही चालतात, पण ती भाजून आणि पूर्ण चुरून द्यावीत. ओळखू येतील एवढे तुकडे टाकले तर कोंबडीला अंडी फोडून खाण्याची सवय लागते, आणि ती एकदा लागली की सुटत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. अंड्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पाणी असतो. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. एक दिवस भांडे कोरडे राहिले तर त्याचे परिणाम पुढे कित्येक दिवस अंड्यांवर दिसतात. भांडे सावलीत असावे आणि रोज घासावे.

उजेडाचा प्रश्न हिवाळ्यात हमखास निघतो. कोंबडीला उजेड डोळ्यांनी कळतोच, शिवाय कवटीतून झिरपून तो मेंदूपर्यंत पोहोचतो. दिवस मोठा होऊ लागला की मेंदूतून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि अंडाशय कामाला लागतो. पुरेशी अंडी हवी असतील तर १४ ते १६ तास उजेड लागतो. कोकणात डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये १३ तासांच्या थोडा वर जातो. त्यामुळे आपल्याकडच्या कोंबड्या युरोपातल्यासारख्या हिवाळाभर पूर्ण थांबत नाहीत, पण जुन्या कोंबड्यांची अंडी या दिवसांत घटतात. त्याच सुमाराला पिसे झडत असतील तर दोन-तीन महिने अंडे मिळत नाही. नवी पिसे प्रथिनांचीच बनतात आणि शरीर दोन्ही कामे एकदम करत नाही. अशा कोंबडीला कमी खाऊ घालण्याची चूक करू नये; तिला तेव्हाच चांगले खाणे हवे.

जुन्या कोंबड्यांसाठी खुराड्यात छोटा एलईडी दिवा लावता येतो. वर्तमानपत्र वाचता येईल इतका, पिवळसर उजेड पुरतो. तो पहाटे लावावा. रात्री अचानक दिवा विझला तर कोंबड्यांना दांडा सापडत नाही. आठवड्याला अर्धा तास या गतीने उजेड वाढवावा आणि एकदा वाढवला की मध्येच बंद करू नये. तलंगांना मात्र दिवा लावू नये. अंग भरण्याआधी उजेडाने घाई केली तर अंडी बारीक येतात आणि काहींचे अंग बाहेर येते. डिसेंबरच्या सुरुवातीला ८ ते १० आठवड्यांची असलेली तलंग मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत अंड्यावर येईल, आणि तोवर दिवस आपणहून वाढत गेलेला असेल. दिव्याच्या खर्चाची गरज नाही.

तिच्या वाट्याला येईल तो उन्हाळा. पारा ३२ अंशांच्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्तातला कवचासाठीचा कार्बोनेट कमी होतो आणि अंडी पातळ कवचाची येतात. खाणेही घटते. उपाय साधे आहेत: दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर, छपरावर झावळ्या किंवा पेंढा, आणि मातीच्या भांड्यात थंड पाणी.

अंडे घालायची जागा कोंबडी आपली आपण निवडते, आणि ती निवड माणसाला सोयीची असतेच असे नाही. तिला अंधारी, कोरडी, तीन बाजूंनी बंद आणि वर्दळीपासून लांब जागा हवी असते. चार-पाच कोंबड्यांना एक, साधारण फूटभर लांबी-रुंदीचे खोके किंवा जुनी टोपली पुरते. तळाशी भाताचे तूस किंवा पेंढा. बसण्याचा दांडा खोक्यापेक्षा उंच असावा, नाहीतर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपून ते घाण करतात. खोकी पहिल्या अंड्याच्या तीन-चार आठवडे आधी मांडावीत. त्यात एक संगमरवरी अंडे किंवा टेबल टेनिसचा पांढरा चेंडू ठेवला की तलंगेला जागा कळते. ‘अंडी देत नाहीत’ अशी तक्रार असलेल्या किती तरी घरांत कोंबड्या अंडी देत असतात. ती गवताच्या गंजीमागे, गोठ्याच्या माळ्यावर किंवा करवंदीच्या जाळीत जमलेली असतात, आणि धामण, मुंगूस, घूस किंवा कावळा ती आधी गाठतात. शंका आली तर चार-पाच दिवस कोंबड्या सकाळी अकरापर्यंत बंद ठेवाव्यात. बहुतेक अंडी तोवर घातली जातात, आणि खुराड्यात अंडे सापडले की प्रश्न मिटतो.

कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देत नाही हा समज अजून आहे. तो चूक आहे. कोंबडा लागतो तो पिल्ले हवी असतील तर. अंडे त्याच्याशिवायही तेवढेच आणि तितकेच पौष्टिक येते, आणि उबवणुकीचा गर्भ त्यात नसल्याने उन्हाळ्यात जास्त दिवस टिकते. २५ माद्यांना ३ कोंबडे हे प्रमाण योग्य आहे. त्याहून जास्त झाले तर माद्यांच्या पाठीची पिसे उपटली जातात आणि त्या दबून राहतात.

तलंग अंड्यावर येत असल्याच्या खुणा स्पष्ट असतात. आधी फिका आणि आखडलेला तुरा दोन-तीन आठवड्यांत मोठा, लाल आणि ऊबदार होतो. चोचीखालच्या लोंबत्या पाळ्याही लाल होतात. माणूस जवळ गेला की ती पंख किंचित पसरून खाली बसते. खोक्यात डोकावते, पेंढा चोचीने इकडेतिकडे करते आणि वेगळ्या, लांबवलेल्या आवाजात कुरकुरते. सर्वांत भरवशाची खूण हाताला लागते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोके असतात. त्यांच्यामध्ये एक बोट जेमतेम मावत असेल तर अंडे लांब आहे. दोन-तीन बोटे मावली आणि पोट मऊ लागले तर आठवड्यात अंडे येईल किंवा ते येतही असेल. ही तपासणी रात्री, कोंबडी दांड्यावर शांत बसलेली असताना करावी. पहिली अंडी लहान असतात, काहींवर रक्ताची रेघ असते, कधी दोन बलकांचे तर कधी बिनकवचाचे नुसते पापुद्र्याचे अंडे येते. महिन्याभरात हे स्थिरावते. महिन्यानंतरही मऊ अंडी येत राहिली तर शिंपले आणि खाद्य तपासावे.

गावरान कोंबडी अंड्यावर येऊन थोड्याच दिवसांत थांबली आणि खोक्यातून उठेना, पिसे फुलवून टोचू लागली, तर ती खुडूक झाली आहे. पिल्ले हवी असतील तर तिला दहा-बारा सुपीक अंड्यांवर बसवावे. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. नको असतील तर तिला तळाला जाळी असलेल्या उंच, हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवावे. पोटाखालची ऊब तुटली की खुडूकपणा जातो. पाण्यात बुडवणे, शेपटीला फडके बांधणे, उपाशी ठेवणे हे जुने प्रकार क्रूर आहेत आणि त्यांनी अंडी उलट लांबतात.

वय झाले, खाणे नीट, जागा शांत, तरीही तुरा लाल होऊन महिना उलटला आणि अंडी नाहीत, किंवा चालू अंडी एकाएकी थांबली, तर रोगाचा विचार करावा. सुरकुतलेली, वेडीवाकडी अंडी आणि पाण्यासारखा पातळ पांढरा भाग हे बहुधा श्वासनलिकेच्या संसर्गाचे लक्षण. हिरवी पातळ हगवण, मान वळणे, पाय लुळे पडणे ही मानमोडीची. कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते आणि कुंथते, तेव्हा अंडे अडकलेले असते. तिला कोमट पाण्यात पाव तास बसवून मग डॉक्टरांना दाखवावे. एकाच वेळी अनेक पाखरे मेली तर ती न हाताळता, न विकता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

मानमोडीची लासोटा लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात देतात आणि आर-टू-बीची टोचणी ६ ते ८ आठवड्यांच्या वयात. ही दुसरी लस अंड्यावर आलेल्या कोंबडीला टोचली तर तिची अंडी थांबतात, म्हणून ती अंड्यांच्या बरीच आधी उरकावी लागते. तुला गटाबरोबर मिळालेल्या कागदावर तिची नोंद आहे का ते आजच पाहावे. नोंद नसेल तर याच आठवड्यात दवाखान्यात जा. लस बर्फाच्या डब्यातून आणायची आणि फोडल्यावर दोन तासांत संपवायची असते, तेव्हा सगळ्या तलंगा आदल्या रात्रीच खुराड्यात कोंडून ठेव.

तुझा,
काका